चंचल मूल म्हणजे जखमी मूल?

अनुजा, ठाणे: एका समुपदेशक बाईंची पोस्ट कालपासून तीन ग्रुपांवर फिरतेय. ‘एडीएचडी वगैरे काही नसतं, सगळा आघातच असतो, गोळ्या बंद करा, ट्रॉमा थेरपी घ्या.’ एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलता; माझ्या लेकाला तेच आहे. डोकं फिरलं म्हणून लिहितेय. टीएफ-सीबीटी, म्हणजे मुलांसाठीची नावाजलेली ट्रॉमा थेरपी, कुणासाठी आहे? अत्याचार, अपघात, डोळ्यांदेखत गेलेलं माणूस, असं ज्या पोरावर गुदरलंय त्याच्यासाठी. साधारण १२ ते १६ बैठका, आईवडीलही त्यात, आणि मूल झालेली घटना हळूहळू बोलून दाखवतं. माझा लेक काय बोलून दाखवणार? स्वेटर शाळेत राहिला, मग डबा राहिला, मग कंपास? एडीएचडीवरचे उपचार ताडून पाहणाऱ्या १९९९च्या एमटीए अभ्यासात ५७९ मुलं होती. १४ महिन्यांनी मूळ लक्षणांवर नीट देखरेखीखालचं औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरलं. ते पोस्टीत कुठाय?

चिंतामणी: पोस्ट अतिरेकी आहे, वाद नाही. पण माझी पुतणी तेरा वर्षांची असताना आई गेली तिची. त्यानंतर वर्गात लक्ष नाही, दार आपटलं की दचकायची, रात्रभर जागी. डॉक्टरांनी दहा मिनिटांत फॉर्म भरून घेतला आणि मिथाइलफेनिडेट, म्हणजे एडीएचडीचं औषध, लिहून दिलं. घरात काय झालं हे विचारलंसुद्धा नाही! डीएसएम-५ प्रमाणे, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकाप्रमाणे, एडीएचडीची लक्षणं बाराव्या वर्षाआधीची हवीत, तीही घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी. त्याआधी ही पोरगी चांगली शांतपणे अभ्यास करायची.

निवृत्त मास्तर: खरी गोम वेगळीच आहे. दहावी जवळ आली की असल्या निदानांचे दाखले निघतात. परीक्षेत जादा वेळ, कॅल्क्युलेटर, लेखनिक. वर्षानुवर्षं हेच बघितलं.

सुमेधा: मास्तर, कॅल्क्युलेटर नि लेखनिक मिळतात ते अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे वाचन-लेखन-गणित जड जाण्याच्या, दाखल्यावर. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती आहे, एडीएचडीचं वेगळं नावही नाही. आणि दाखले ‘निघतात’ म्हणे! सरकारी रुग्णालयात पहाटे केसपेपरच्या रांगेत उभं राहा, मग बुद्ध्यांक चाचणीची तारीख, मग ‘मॅडम रजेवर आहेत’. माझी तेवढ्यात नोकरी गेली असती.

निवृत्त मास्तर: रांगेतले सगळे खरेच असतात का?

सुमेधा: तुमच्या वर्गातले सगळे ‘मठ्ठ’ खरेच मठ्ठ होते का?

चिंतामणी: अहो, धागा कशावर होता?

अनुजा: दाखल्यावर, बहुतेक. चिंतामणी, तुमच्या पुतणीच्या बाबतीत चूक डॉक्टरांची, एवढं मान्य करते, नाइलाजाने. पण तिला थेरपी हवी होती म्हणून माझ्या पोराच्या गोळ्या बंद करायच्या? काही मुलांत दोन्ही असतं, तिथे दोन्ही उपचार लागतात. बाईंना ते एका ओळीत लिहिता आलं असतं. मग तीन ग्रुपांवर फिरलं नसतं म्हणा.

चिंतामणी: दहा मिनिटांवाल्या डॉक्टरांवरही असंच लांबलचक लिहा की कधीतरी.

निवृत्त मास्तर: ‘मठ्ठ’ मी कधीच कुणाला म्हणालो नाही. ‘ढ’ म्हणायचो.

सुमेधा: वा! धन्य.