गुद्रुनचं काय?

वर कुणीतरी लिहिलंय की जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरानंतर सिगुर्डच्या (जुन्या नॉर्स दंतकथेतला ड्रॅगन मारणारा वीर) कथेत नवं काही करायला उरलंच नाही. पटलं नाही बुवा. वाग्नरने (बायरॉइथ, १८७६) सिगुर्डच्या प्रेयसीला, ब्रुनहिल्डला, पेटत्या चितेत घोडा घालायला लावला, देवांचा महाल वल्हाला जाळला आणि पडदा पाडला. या सगळ्या धामधुमीत सिगुर्डची बायको गुद्रुन पार कोपऱ्यात गेली. ‘व्होल्सुंग सागा’त (या कथेचा जुना आइसलँडिक गद्यग्रंथ) सिगुर्ड मेल्यावरची कथा तिचीच आहे! दुसरा नवरा आत्ली सोन्याच्या लोभाने तिच्या भावांना मारतो. मग ती आत्लीपासून झालेल्या पोरांनाच मारते, त्यांची काळजं भाजून त्याला खाऊ घालते आणि त्यांच्याच कवट्यांतून मद्य पाजते.

फ्रिट्झ लांगने १९२४च्या मूकपटाचा अख्खा दुसरा भाग तिला दिला खरा, पण जर्मन परंपरेतल्या क्रीमहिल्डच्या रूपात. ती नवऱ्याच्या खुनासाठी भावांवर उलटते, म्हणजे नेमका उलटा हिशेब.

मला विचाराल तर ‘हॉबिट’वाला टॉल्किन जास्त प्रामाणिक. त्याच्या पश्चात २००९ साली आलेल्या पुस्तकात दोन दीर्घकाव्यं आहेत, त्यातलं दुसरं गुद्रुनचं. हॉबिटप्रेमींनी मात्र जरा बेतानं घ्या. जुन्या नॉर्स छंदात बसवलेली इंग्रजी आहे, दमवते.