मदत हवी आहे: कंपनीला जिवाणूचा स्ट्रेन द्यायचाय, एमटीएचा (मटेरियल हस्तांतर कराराचा) मसुदा अडलाय

अगरप्लेट
नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका अनुदानित संशोधन संस्थेसाठी विचारतोय. सातारा जिल्ह्यातल्या उसाच्या मुळांलगतच्या मातीतून वेगळा केलेला बॅसिलस जिवाणूचा एक स्ट्रेन (वाण) हैदराबादच्या एका कंपनीला चाचणीसाठी हवा आहे. सोबत त्याच स्ट्रेनची जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा प्लास्मिड (डीएनएचं छोटं कडं) घातलेली आवृत्तीही हवीय, म्हणजे मुळावर तो कुठे वसतो ते दिसेल. प्लास्मिड अ‍ॅडजीनकडून (संशोधकांनी जमा केलेले प्लास्मिड वाटणारी अमेरिकी ना-नफा संस्था) घेतलेला आहे. कंपनी भारतात नोंदलेली, पण जवळजवळ सगळे शेअर जर्मन मूळ कंपनीचे.

एमटीएचा मसुदा कंपनीनेच पाठवलाय. खटकणाऱ्या जागा अशा:
१) मटेरियल आणि त्यातून निघणारे सगळे निष्कर्ष, सुधारणा व शोध कंपनीच्या मालकीचे.
२) कंपनी मटेरियल समूहातल्या कुठल्याही कंपनीला देऊ शकेल.
३) पेपर पाठवण्याआधी १८० दिवस थांबायचं, शिवाय कंपनीची लेखी संमती घ्यायची.
४) कायदा आणि न्यायालय जर्मनीचं.
५) मटेरियलमुळे नुकसान झालं तर भरपाई संस्थेने द्यायची.

टेक ट्रान्सफरचा वेगळा विभाग इथे नाही. ऑफिस म्हणतंय, पीआयनेच (प्रकल्पाच्या मुख्य संशोधकाने) सही करून टाकावी. काय बदलून मागायचं, आणि कुठल्या परवानग्या आधी लागतात?

कलमकसाई
पीआयने सही करायची नाही. स्ट्रेन संस्थेचा आहे, तेव्हा संस्थेच्या वतीने करार करण्याचा अधिकार लेखी ज्याच्याकडे आहे त्याची सही. पीआयची सही खाली, "अटी वाचल्या, समजल्या" एवढ्यापुरती.

पण खरी अडचण तुमच्या पाच मुद्द्यांत नाहीच. ती प्लास्मिडमध्ये आहे. शैक्षणिक संस्थांना अ‍ॅडजीनचे प्लास्मिड साधारणपणे यूबीएमटीएच्या अटींवर मिळतात. अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेने १९९५ साली ना-नफा संस्थांसाठी काढलेला तो सामाईक करार. त्यात मूळ पदार्थ, त्याची संतती, न बदललेले डेरिव्हेटिव्ह (त्यातून काढलेले भाग) आणि मॉडिफिकेशन (मूळ पदार्थ आत असलेलं नवं काही) असे वेगवेगळे कप्पे आहेत. जीएफपीवाला स्ट्रेन मॉडिफिकेशनच्या कप्प्यात बसतो: स्ट्रेन तुमचा, आतला प्लास्मिड देणाऱ्याचा. दुसऱ्या ना-नफा संस्थेला तो संशोधनासाठी तशाच अटींवर देता येतो. व्यापारी कारणासाठी द्यायचा तर मूळ देणाऱ्याची लेखी संमती लागते. आणि गोम अशी की नफा कमावणाऱ्या संस्थेला नुसतं हस्तांतर करणं हेही त्या कराराच्या व्याख्येत व्यापारी कारणच आहे. "पैसे घेत नाही, फक्त चाचणी आहे" म्हणून सुटका होत नाही. कंपनीच्या मसुद्यात "या मटेरियलवर तिसऱ्या कुणाचा हक्क नाही" अशी हमी असणारच, शोधा. तिच्यावर सही झाली की संस्था दोन्हीकडून अडकते.

जीएफपीवाला स्ट्रेन या करारातून काढा आणि फक्त मूळ स्ट्रेन द्या. अ‍ॅडजीनचे काही प्लास्मिड कंपन्यांनाही मिळतात; तुमचा त्यात असेल तर कंपनीने तो थेट मागवून स्वतः घालावा. रानटी बॅसिलस सहजासहजी ट्रान्सफॉर्म होत नाही (बाहेरचा डीएनए घेत नाही), म्हणून तुमचा इलेक्ट्रोपोरेशनचा (विजेच्या झटक्याने डीएनए आत घालण्याचा) प्रोटोकॉल त्यांना लागेल. तो गोपनीय माहिती म्हणून परिशिष्टात टाका. प्लास्मिड कंपन्यांसाठी खुला नसेल तर तो जमा करणाऱ्या संस्थेकडे लेखी संमती मागणे एवढीच वाट उरते, आणि तिला वेळ लागतो.

देवराई
परवानग्यांचं सांगतो. जैवविविधता कायदा, २००२ मध्ये सूक्ष्मजीव स्पष्टपणे 'जैविक संसाधन' आहेत. २०२३ च्या दुरुस्तीनंतर (लागू १ एप्रिल २०२४) कंपनी कुठे नोंदलीय एवढ्यावर भागत नाही, तिच्यावर नियंत्रण कुणाचं हे बघतात. कंपनी कायदा, २०१३ मधली 'नियंत्रणा'ची व्याख्या लावून. जवळजवळ सगळे शेअर जर्मन, म्हणजे कलम ३(२) लागू आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची, एनबीएची, पूर्वमंजुरी हवी. कंपनी भारतीय नियंत्रणाखाली असती तर व्यापारी वापरासाठी कलम ७ नुसार राज्य मंडळाला, आपलं नागपूरला, आधी कळवून भागलं असतं.

दोन गोष्टी सुटतात. एक, नळीतला जिवाणू आणि त्यावरचे तुमचे निष्कर्ष वेगळे धरले जातात. वाढीचे आकडे, जीनोम, कुंडीतल्या चाचण्यांचा अहवाल अशा कंपनीला द्यायचा तर कलम ४ बघावं लागतं. "मटेरियल नंतर पाठवतो, तोवर डेटा पाठवतो" असं करू नका. दोन, जुने अर्ज-नमुने इंटरनेटवर पडून आहेत. २०२४ च्या नियमांत नमुने बदललेत, एनबीएच्या पोर्टलवरचेच भरा. उल्लंघनाला आता तुरुंगवास नाही, पण दंड १ लाखापासून ५० लाखांपर्यंत आहे.

अगरप्लेट
दोघांचे आभार. जीएफपीवाला स्ट्रेन मागे घेतो. कंपनी म्हणतेय, मंजुरी आम्ही पाहू, तोवर सह्या उरकून घेऊ. चालेल का? आणि १६एस (जिवाणू ओळखायला वाचतात ते जनुक) वरून ओळख फक्त "बॅसिलस सेरियस गट" इतकीच आहे. परिशिष्टात तेवढं पुरेल?

देवराई
सही करा, पण करारात "एनबीएची लेखी मंजुरी मिळेपर्यंत मटेरियल किंवा त्यासंबंधी माहिती दिली जाणार नाही" ही पूर्वअट घालून. अर्ज कंपनीने करायचा, प्रत तुम्हाला द्यायची. मुद्दा २ इथेच कापा. हैदराबादहून स्ट्रेन जर्मनीला गेला की ते नवं हस्तांतर. युरोपीय महासंघाच्या ५११/२०१४ या नियमानुसार तिथल्या वापरकर्त्यालाही मटेरियल कायदेशीर मार्गाने आल्याचे कागद जपावे लागतात, तेव्हा जर्मन विधी विभागाला हे पटायला जड जाणार नाही.

स्पोअरस्टॉक
सेरियस गट म्हटल्यावर थांबा. त्या गटात सेरियस, थुरिंजिएन्सिस आणि अँथ्रॅसिस हे तिघे इतके जवळचे आहेत की १६एस त्यांना वेगळं करू शकत नाही. यातला अँथ्रॅसिस म्हणजे काळपुळीचा जंतू, निर्यात नियंत्रणाच्या स्कोमेट यादीतला. सेरियसच्या काही स्ट्रेनमधून अन्नविषबाधेची विषं निघतात. पूर्ण जीनोम वाचून घ्या. विषांची जनुकं आणि अँथ्रॅसिसचे दोन प्लास्मिड (पीएक्सओ१, पीएक्सओ२) नाहीत हे तपासा आणि तो अहवाल परिशिष्टाला जोडा. शेतीसाठी जिवाणू विकू पाहणारी कंपनी हा प्रश्न आज ना उद्या विचारणारच.

आणि देण्याआधी स्ट्रेन पुण्यातच एनसीएमआर या सूक्ष्मजीव संग्रहात जमा करा. बुडापेस्ट कराराखालची ती मान्यताप्राप्त संस्था आहे, पेटंटसाठीची ठेव तिथे चालते. परिशिष्टात ठेव क्रमांक आला की उद्या कंपनीच्या उत्पादनातला जिवाणू तुमचाच का, हे जीनोम जुळवून दाखवता येतं. नुसतं "बॅसिलस, २ व्हायल" लिहिलेल्या परिशिष्टाचा भांडणात काही उपयोग नाही.

पाठवायला ड्राय आइसची गरज नाही. स्पोअर (सुप्त बीजाणू) बनवून लायोफिलाइज्ड (गोठवून सुकवलेल्या) अँप्यूल पाठवा, साध्या तापमानाला टिकतात.

कलमकसाई
आता उरलेली कलमं.

मालकी: मटेरियल, संतती आणि न बदललेले डेरिव्हेटिव्ह संस्थेचे. कंपनीने केलेलं मॉडिफिकेशन कंपनीचं, त्यातला मूळ भाग सोडून. शोध ज्याने लावला त्याचा, दोघांनी लावला तर दोघांचा. "मटेरियलमधून मिळवलेली जनुकीय अनुक्रमाची माहिती" हे शब्द मटेरियलच्या व्याख्येत घाला. नाहीतर कंपनी जीनोम वाचेल, व्हायल नष्ट केल्याचं प्रमाणपत्र देईल आणि हवी ती जनुकं दुसऱ्या जिवाणूत घालून मोकळी होईल.

कंपनीला काहीतरी द्यावं लागेलच. अहवाल आल्यापासून ९० दिवस परवान्यासाठी बोलणी करण्याचा पहिला हक्क द्या. दुसऱ्याने देऊ केलेल्या किमतीला स्ट्रेन उचलण्याचा हक्क मागितला तर नाही म्हणा. तो दिलात की दुसरी कुठलीच कंपनी तुमच्याशी भाव ठरवण्यात वेळ घालवणार नाही.

वापर: "१२ महिने, कुंडीतल्या चाचण्या, शेतात नाही" असं नेमकं लिहा. 'मूल्यमापन' हा शब्द एकटा सोडू नका.

प्रसिद्धी: कंपनीला वाचायला ३० दिवस, पेटंट भरायचं असेल तर आणखी ६०. तिची गोपनीय माहिती काढायला सांगण्याचा हक्क कंपनीला द्या, संमतीचा नको. पीएचडीचा प्रबंध यातून पूर्ण वगळा.

नुकसानभरपाई उलटी फिरवा: मटेरियल "आहे तसं", कुठलीही हमी नाही, वापराची जबाबदारी वापरणाऱ्याची.

देवराई
जर्मन कायद्याचं राहिलं. करार करणारे दोन्ही पक्ष भारतात नोंदलेले आहेत, तेव्हा भारतीय कायदा आणि पुण्याचं न्यायालय मागा. फारच अडलं तर हे कलम गाळून टाका, पण परकं ठेवू नका. स्टॅम्प पेपर महाराष्ट्रात करत असाल तर आता शंभरचा नाही, पाचशेचा.

अगरप्लेट
जीनोमला नमुना पाठवतोय, मसुद्यात बदल करून ऑफिसला देतो. एक शंका: डीबीटीच्या (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या) पैशांवर चाललेला प्रकल्प आहे, त्यांनाही विचारावं लागेल का?

कलमकसाई
मंजुरीपत्रासोबतच्या अटी काढा आणि बौद्धिक संपदा व मटेरियल हस्तांतर ही दोन कलमं वाचा. पूर्वसंमती मागितली असेल तर ती घ्या. नसेल तरी करारात एक ओळ घाला, की अनुदान देणाऱ्या संस्थेच्या अटींना बाध येत असेल तिथे त्या अटी वरचढ. पुढच्या प्रगती अहवालात या हस्तांतराचा उल्लेखही करा.