शीळकरी कस्तूर थ्रश नाही, आणि फक्त सह्याद्रीतला पण नाही

घोडबंदरकर: काल ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या एका फोटोखाली वाचलं, शीळकरी कस्तूर हा पक्षी थ्रश, म्हणजे कस्तूर गटातला, आणि तो फक्त सह्याद्रीत सापडतो. खाली नुसते लाइक. अरे निदान नवीन पुस्तक तरी उघडा. डीएनएचा अभ्यास झाल्यावर त्याला थ्रशच्या टर्डिडी कुळातून काढून माशीमार पक्ष्यांच्या मस्किकॅपिडी कुळात टाकला, आपला दयाळ पण तसाच तिकडे गेला. आणि सातपुडा, मध्य भारत, पूर्व घाटाचा काही भाग, हे काय सह्याद्रीत येतं? भारताबाहेर नाही म्हणा, ते बरोबर.

येऊरवाला: पोस्ट माझी आहे. लहानपणापासून बघतोय त्याला, ओढ्याच्या दगडांवर उड्या मारतो, किडे, खेकडे, बेडूक खातो, यात माशीमारासारखं काय आहे सांगा? लॅबमधल्या माणसाने ठरवायचं आणि आम्ही मान डोलवायची? सातपुडा ठीक आहे, असेल.

घोडबंदरकर: असेल नाही, आहे. 1831 मध्ये प्राणीशास्त्रज्ञ व्हिगर्सने याचं वर्णन केलं तेव्हा रंग, चोच, पाय बघूनच नातं ठरवायचे, दुसरं साधनच नव्हतं. नारंगी डोक्याचा कस्तूर तुमच्याच येऊरला पालापाचोळा उलटत फिरतो, तो अजून थ्रशच आहे. दोघं जमिनीवर खातात म्हणून सख्खे होत नाहीत.

नेरुळची मीनल: कर्नाळ्याला पण आहे हो, ठाणेकरांनी लक्षात ठेवा. आणि थंडीत काही पक्षी नेहमीच्या पट्ट्याबाहेर भटकतात, तेवढ्यावरून लगेच रेंज वाढली म्हणू नका. पण मला वेगळंच बोलायचंय. त्या फोटोसाठी मोबाइलवर त्याचीच रेकॉर्ड केलेली शीळ वाजवली होती ना? मागच्या पावसाळ्यात माझ्यासमोर एकाने स्पीकर लावला, नर घरट्यावरची नजर सोडून सारखा दगडामागून त्या आवाजाकडे धावत होता, चोचीत पिल्लांचा खाऊ तसाच. मला रडू यायचं बाकी होतं.

येऊरवाला: ताई दोन मिनिटं वाजवली फक्त. रात्रभर बंगल्यांत डीजे चालतो तिथे जाऊन बोला की.

नेरुळची मीनल: डीजेवर पण तक्रार केलीय, उत्तर आलं नाही. म्हणून तुम्हाला सूट मिळते का? तुमच्यासारखे दहा जण दोन दोन मिनिटं वाजवणार, वर लोकेशन पण टाकलंय, पुढच्या रविवारी झुंबड उडणार तिथे!!

घोडबंदरकर: यात मी ताईंच्या बाजूने. ऐन विणीत आपल्या हद्दीत दुसरा नर शिरलाय असं वाटतं त्याला, जीव तोडून हाकलायला येतो. कुळ कुठलंही असो.

येऊरवाला: लोकेशन काढलं. विणीत वाजवणार नाही, बस? 'फक्त सह्याद्री' चं 'मुख्यतः सह्याद्री' केलंय. थ्रश तसंच ठेवतोय, ज्याला पटत नाही त्याने वेगळी पोस्ट टाकावी.

नेरुळची मीनल: विणीतच का, बाकी वेळी पण नको. आणि ज्यांनी तो फोटो लोकेशनसकट पुढे पाठवलाय त्यांना आजच मेसेज करा.