बेल वाजवायची की टीव्हीचा आवाज वाढवायचा?

घोडबंदरची_अबोली
शनिवारी सकाळी आमच्या टॉवरच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज : "काल रात्री काही सभासदांनी एका फ्लॅटबाहेर गर्दी केली. नवरा-बायकोची भांडणं चार भिंतींत मिटतात. सोसायटीचं नाव पोलिसांपर्यंत जाऊ नये, रीसेलवर परिणाम होतो." खाली एकवीस अंगठे. बाविसावा द्यायचा नव्हता म्हणून इथे लिहितेय.

'गर्दी' म्हणजे मी आणि समोरच्या आजी. रात्रीचे पावणेबारा. खालून आधी भांडं आपटल्याचा आवाज, मग तिचा, मग काहीच नाही. त्या 'काहीच नाही'ला मी घाबरले. जाऊन बेल वाजवली. त्याने फटीएवढं दार उघडलं. मी म्हटलं, "तुमच्या बाथरूममधून आमच्याकडे गळतंय." मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते हे त्याच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही. आजींनी मागूनच हाक मारली, "सूनबाई, लिंबू आहे का गं एखादं?" ती तशीच बाहेर आली, लिंबूबिंबू न घेता. तासभर आजींच्या सोफ्यावर बसली. पोलिसांना कुणी फोनसुद्धा केला नाही.

भांडणात दोघं ओरडतात. इथे एकच जण ओरडत होतं. आणि ह्यांना रीसेलची पडलीय.

सिडकोची_भिंत
अबोलीताई, तुमचं लिंबू कामी आलं. माझं नाही आलं.

कोपरखैरण्यात राहत होतो. सिडकोची जुनी घरं, शेजारचा शिंकला तर आपण 'शतायुषी' म्हणावं अशा भिंती. सहा महिने ऐकलं, एका रात्री पोलिसांना फोन केला. ते आले. ती दारात उभी राहून म्हणाली, "काही नाही साहेब, बाथरूममध्ये पाय घसरला." साहेब गेले. फोन कोणी केला हे नवऱ्याला कळायला दोन दिवसही लागले नाहीत. स्कूटरची सीट फाडली, ते सोडा. तिने माझ्या बायकोशी बोलणं बंद केलं. महिन्याभरात त्यांनी घर बदललं. नव्या जागी शेजारी आहे की नाही, कोण जाणे. मी तिला वाचवली की आणखी एकटी पाडली? नऊ वर्षं झाली, उत्तर नाही. म्हणून आता मी टीव्हीचा आवाज वाढवतो. शिव्या घाला.

कोर्टाची_पायरी
शिव्या नाही घालत. पण दादा, तुम्ही पहिलं पाऊल सोडून थेट शेवटचं टाकलंत. सहा महिन्यांत तिच्याशी एकदा तरी एकटीशी बोललात? किंवा वहिनी बोलल्या? नवरा शेजारी उभा असताना "मारतो का?" विचारलं तर नव्याण्णव जणी 'पाय घसरला'च म्हणणार. गच्चीवर, भाजीच्या गाडीपाशी विचारा. आणि 'सोडून दे त्याला' हे सांगू नका, ते तिचं तिला ठरवू दे. फक्त कागदपत्रांच्या झेरॉक्स आणि थोडे पैसे तुमच्याकडे ठेवायची तयारी दाखवा.

कायद्याचं सांगते, कारण ग्रुपवर सगळे वकील असतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम ४ : असा प्रकार घडतोय, घडला किंवा घडेल असं वाटलं तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि प्रामाणिक हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. जीव धोक्यात असेल तर ११२. सल्ला, निवारा वगैरेसाठी १८१. तारीख-वेळ वहीत लिहून ठेवा, उद्या ती कोर्टात उभी राहिली तर तुमची साक्ष सोन्याची.

जुना_ठाणेकर
आले कायदेवाले. ४९८-अ चा, त्या सासरच्या छळाच्या कलमाचा, कसा वापर होतो ते आमच्या भाच्याला विचारा. शेजाऱ्यांनीच साक्ष दिली, ज्यांना घरातलं काही माहीत नव्हतं. आमच्या चरईच्या चाळीत असलं काही लागायचं नाही. कोणी हात उचलला तर चार म्हाताऱ्या गॅलरीत उभ्या राहायच्या, संपला विषय. तुमच्या टॉवरने माणुसकी संपवली.

कोर्टाची_पायरी
काका, ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आहे, १ जुलै २०२४ पासून. आणि तक्रार आली की सरळ अटक, हे चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच बजावलंय. मी म्हणतेय तो कायदा वेगळा. त्यात संरक्षण, घरात राहण्याचा हक्क, खर्च मिळतो. कायद्यात पहिली तारीख तीन दिवसांत आणि साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न, असं लिहिलंय. प्रत्यक्षात किती लागतात ते माझे अशील सांगतील, तिथे तुमचा राग मान्य.

पोळ्यांचा_डबा
चाळीच्या गॅलरीतल्या म्हाताऱ्या! माझी आजी वागळे इस्टेटच्या चाळीत सतरा वर्षं मार खात होती. म्हाताऱ्या उभ्या राहायच्या, खरंय. बघायला.

आणि टॉवरमध्ये सगळ्यात आधी कोणाला कळतं? कामवालीला. सुजलेला हात, फुटलेला आरसा, बदललेलं कुलूप, सगळं तीच बघते. माझी आई मानपाड्याला एका टॉवरमध्ये पोळ्या करायची. तिने एका वहिनींना आमच्या घरी दोन रात्री ठेवलं. तिसऱ्या दिवशी गेटवरच्या ॲपमधून आईचं नाव उडालं. कारण लिहिलं होतं 'वर्तन'. सेक्रेटरीसाहेब, रीसेल वाचला ना?

मेंटेनन्स_भरा
मीच तो सेक्रेटरी नाही, पण दुसऱ्या टॉवरचा आहे. बाहेरच्या माणसाने सभासदाला घेऊन जायचं, ही जबाबदारी कोण घेणार? उद्या चोरीचा आळ आला तर? आणि सर्व्हिस लिफ्ट ही स्वच्छतेसाठी असते, जातीपातीसाठी नाही.

पोळ्यांचा_डबा
लिफ्टचं नाव मी काढलंच नव्हतं. तुम्हीच काढलंत. का बरं?

नेरूळ_पूर्व
बरं झालं निघालं. आमच्याकडे कुत्रा मोठ्या लिफ्टने जातो आणि मावशी कचऱ्याच्या.

मेंटेनन्स_भरा
कुत्र्याचा ठराव सर्वसाधारण सभेत झालाय. तुम्ही आला होता का सभेला?

नेरूळ_पूर्व
सभेला कोरम नव्हता! अर्ध्या तासाने तहकूब सभा घेऊन सात जणांनी ठराव केला!

जुना_ठाणेकर
आम्ही तर जिनाच चढायचो.

सिडकोची_भिंत
लोकहो, बाई मार खातेय आणि आपण कुत्र्याच्या लिफ्टवर आलो. पोळ्यांचा डबा, तुमच्या आईने जे केलं ते मला जमलं नाही. टीव्हीचं मी रागात लिहिलं. पण विचारतो, फोन केल्यावर तिलाच जास्त मार पडला तर?

पोळ्यांचा_डबा
पडू शकतो, खोटं कशाला बोलू. म्हणून आई आधी विचारायची : "गच्चीवर वाळत घातलेला लाल टॉवेल दिसला की मी फोन करू का?" टॉवेल दोनदा दिसला. पहिल्यांदा आईने फोन केला. दुसऱ्यांदा वहिनी स्वतःच पिशवी घेऊन आल्या.

घोडबंदरची_अबोली
हा टॉवेल मी चोरते. आमच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायला बंदी आहे, पण ते बघून घेऊ.

२००८ च्या 'बेल बजाओ'च्या जाहिराती आठवतात? घरातून मारहाणीचा आवाज येतो आणि क्रिकेट खेळणारी पोरं बेल वाजवून चेंडू मागतात. मला तेव्हा बालिश वाटलं होतं. शुक्रवारी कळलं, त्याला हरवायचं नसतंच. त्याचा हात थांबला, बस.

मेंटेनन्स_भरा
तुम्ही सगळे मिळून मला खलनायक केलंच आहे, तर ऐका. गेल्या वर्षी आमच्या बाराव्या मजल्यावर मीही दार लावून घेतलं होतं. तिथे आता भाडेकरू आहेत. पुढचं विचारू नका.

१८१ आणि ११२ चा कागद लिफ्टमध्ये लावतो. दोन्ही लिफ्टमध्ये. ठरावाशिवाय.

नेरूळ_पूर्व
मोठ्या लिफ्टमध्ये नवरेही वाचतील. महिलांच्या बाथरूममध्ये, क्लबहाउसच्या, आतल्या बाजूने लावा.

मेंटेनन्स_भरा
बरं. लॅमिनेशनचे पैसे कोण देणार ते सांगा.