मदत हवी आहे : केनियातलं बोगोरिया सरोवर, छोटे रोहित (लेसर फ्लेमिंगो) आणि सोबत सत्तरीला टेकलेले बाबा

नमस्कार मंडळी,

येत्या जानेवारी-फेब्रुवारीत बाबांना घेऊन केनियाला जायचा विचार पक्का होत आलाय. सिंह-हत्ती दिसले तर आनंदच आहे, पण आम्ही जाणार ते रिफ्ट व्हॅलीतल्या (पूर्व आफ्रिकेतल्या लांबलचक खचदरीतल्या) खाऱ्या सरोवरांसाठी आणि तिथल्या रोहितांसाठी. आम्ही ऐरोलीचे. ठाणे खाडीत येणारे रोहित बाबा वर्षानुवर्षं बघत आलेत. भरती-ओहोटीचा तक्ता त्यांच्या कपाटाच्या दारावर कायम चिकटवलेला असतो. खाडीत जास्त करून येतो तो छोटा रोहित, गडद लाल चोचीचा. त्याचेच भाईबंद पूर्व आफ्रिकेत लाखांनी आहेत आणि तो थवा बाबांना त्यांचे डोळे आणि गुडघे धड आहेत तोवर दाखवायचाय.

टूरवाल्यांशी बोलून झालं. जवळपास प्रत्येकाचा आराखडा एकच: मसाई मारा, नाकुरूला एक मुक्काम, नैवाशात बोटीची फेरी. "नाकुरूला फ्लेमिंगो नक्की दिसतील ना?" असं विचारलं की "हो मॅडम, लाखो." मी जे वाचलंय त्याच्याशी हे जुळत नाही, म्हणून तुम्हाला विचारतेय.

माझा समज असा आहे. नाकुरूची ख्याती खोटी नव्हती. 1968 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं तेच मुळी पक्ष्यांसाठी. पण साधारण 2010 नंतर रिफ्ट व्हॅलीतल्या बऱ्याच सरोवरांचं पाणी चढत गेलं. नाकुरूत इतकं, की मुख्य प्रवेशद्वार हलवावं लागलं. पाणी वाढलं तसा खारेपणा उतरला आणि स्पिरुलिना हे सूक्ष्म शैवाल विरळ झालं. मोठ्या रोहिताचं त्यावाचून अडत नाही, तो चिखलातले किडे-झिंगे खातो. छोट्याची चोच मात्र आतून इतकी बारीक जाळीची असते की तिच्यात ते सूक्ष्म शैवालच अडकतं, आणि त्यासाठी पाणी हिरवंगार दाट लागतं. ते नसलं की थवा रातोरात उठून दुसरं सरोवर गाठतो. मग आज नाकुरूला एक रात्र ठेवून "लाखो"ची हमी कोण कशी देऊ शकतं?

म्हणून बोगोरियावर बोट ठेवलंय. नाकुरूच्या उत्तरेला, बारिंगो काउंटीत. पाण्याचा सामू (पीएच) 10 च्या आसपास, काठाशी उकळत्या पाण्याचे झरे. पाणी तिथेही चढलंय, जुनं गेट आणि काठचा रस्ता बुडाल्याचं वाचलं. पण सरोवर मुळातच खोल आणि फार खारं, त्यामुळे तिथे स्पिरुलिना बऱ्यापैकी टिकून असावं असं वाटतं. हे बरोबर आहे का?

दुसरा प्रश्न टांझानियातल्या नेट्रॉन सरोवराचा. जगातल्या छोट्या रोहितांपैकी पाऊण हिस्सा तिथे जन्मतो हे वाचल्यापासून बाबांच्या डोक्यातून नेट्रॉन जात नाही. त्यांना घरटी बघायची आहेत. जमण्यासारखं आहे का?

तिसरा प्रश्न बाबांच्या तब्येतीचा. ते 68 वर्षांचे, बीपीची गोळी चालू, गुडघे दुखतात. सपाटीवर अर्धा तास चालतात, पण दगडधोंड्यांतून नाही. गाडीतून उतरून काठापर्यंत किती चालावं लागतं? आणि यलो फीवरची लस या वयात घ्यावी का? आमचे डॉक्टर जरा घुटमळले.

शेवटचं म्हणजे ड्रायव्हर. खाडीत फोटोसाठी बोट थेट थव्यात घालणारे लोक बघून बाबा कासावीस होतात. पक्षी उठवायचे नाहीत, लांबून स्कोप (ट्रायपॉडवरची दुर्बीण) लावून तासन्‌तास बसायचं, हे कळणारा माणूस तिकडे मिळतो का? त्यासाठी पैसे जास्त पडले तरी चालेल.

रजा जेमतेम आठवड्याची आहे. मारा वगळायची तयारी आहे.

प्रतिसाद (नैरोबीहून)

ताई, मारा वगळायची तयारी आहे म्हणता, तिथेच निम्मं काम झालं. रिफ्टची सरोवरं घाईत बघायची नसतातच.

बोगोरियाबद्दल तुमचा अंदाज योग्य दिशेने आहे, पण हमी तिथलीही कोणी देणार नाही. निघायच्या आठवड्यात स्थानिक गाइडला विचारायचं: "पक्षी आहेत का" असं नाही, "कुठल्या काठाला आहेत" असं. मुक्काम बोगोरियाजवळ किंवा बारिंगो सरोवराकाठी ठेवा, निदान दोन रात्री. बारिंगो गोड्या पाण्याचं आहे आणि तासाभराच्या आत पोचता. तिथे सकाळची बोट घ्या, बाबांना चालावं लागणार नाही आणि गोलायथ बगळा, मत्स्यगरुड आरामात दिसतील. नैरोबीहून जाताना वाटेत एल्मेंटाइटा सरोवर लागतं, ते चुकवू नका. तिथल्या खडकाळ बेटांवर पांढरे पेलिकन वीण घालतात. बोगोरिया, नाकुरू, एल्मेंटाइटा ही तिन्ही 2011 पासून एकाच जागतिक वारसा स्थळात आहेत. नाकुरू अजिबात टाळा असं म्हणणार नाही. गेंडे बघायला ती जागा उत्तमच, फक्त रोहितांची आशा धरून जाऊ नका.

बोगोरियाच्या पश्चिम काठाला रस्त्यालगत बसायला जागा मिळते, त्यामुळे गुडघ्यांचा फार प्रश्न नाही. काही झरे पाण्याखाली गेलेत, पण गोड्या पाण्याचे ओहोळ जिथे सरोवराला मिळतात तिथे नजर ठेवा. खाऱ्यात दिवसभर चरलेले रोहित प्यायला आणि पंख धुवायला त्या तोंडाशी दाटी करतात. झऱ्यांचं चटका बसेल असं पाणीही ते पितात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाफेत उभे असलेले त्यांचे पाय बघून जीव वर आला होता, पण पक्षी शांतपणे पीत होते. मत्स्यगरुड थव्यावरून घिरट्या घालायला लागला की सगळ्या माना एकदम वर होतात. बाबांना ते दाखवा. झऱ्यांपाशी मात्र त्यांचा हात धरून ठेवा, कडेची जमीन पोकळ असते.

नेट्रॉनचा हट्ट सोडायला सांगा. घरटी काठापासून फार आत, सोड्याच्या चिखलावर असतात. तिथे माणूस पोचत नाही म्हणूनच पिल्लं जगतात. शिवाय रस्ता खडबडीत आणि देश दुसरा, म्हणजे व्हिसा दुसरा. त्याऐवजी नैरोबीहून एका दिवसात मगाडी सरोवर करा. डांबरी रस्ता, टाटा केमिकल्सचा सोड्याचा कारखाना, गुलाबी-पांढरा ट्रोनाचा (सोड्याच्या खनिजाचा) थर आणि त्याच्या कडेने रोहित, उचाट्या, शेकाट्या. ऊन मात्र भाजून काढतं, भल्या पहाटे निघा.

लसीचं: साठीनंतर पहिल्यांदा घेणाऱ्यांना त्रासाचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून डॉक्टर घुटमळले असतील. निर्णय त्यांच्यावरच सोडा. पण दाखल्याशिवाय केनियाहून भारतात परतलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, हे त्यांच्या कानावर घाला. घ्यायचीच ठरली तर प्रवासाच्या दहा दिवस आधी तरी घ्या. दाखला आता जन्मभर चालतो. बारिंगोकडे मलेरिया आहे, गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या.

प्लास्टिकच्या पिशव्यांवर इथे 2017 पासून बंदी आहे. चिवडा-लाडू डब्यांत भरा. व्हिसा नाही, पण ई-टीए (प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी) आधी ऑनलाइन काढावं लागतं.

ड्रायव्हरचं म्हणाल तर टूरवाल्याकडे "सफारी गाइड" मागू नका, "बर्ड गाइड" मागा. बारिंगोच्या काठावर लहानपणापासून पक्षी बघत वाढलेले गाइड आहेत, त्यांना तासभर एका जागी बसायला सांगावं लागत नाही.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं. नेट्रॉनचं ऐकून थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "पिल्लं जगतात ना, मग नको." मगाडी घेतोय. लसीसाठी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

आता एकच राहिलं: स्कोप आणि जड ट्रायपॉड इथून न्यावा की बर्ड गाइडकडे असतो? विमानात सामानाचं वजन बघता ट्रायपॉड घरीच ठेवायचं मनात आहे. कोणी नेला असेल तर सांगा.