'यादृच्छिक'मध्ये इच्छा आहे का?

(तळटीप, ऋकार, पदर आणि विदाधर या टोपणनावांनी झालेली चर्चा.)

तळटीप : मनाच्या जोरावर यंत्रातून पडणाऱ्या आकड्यांवर परिणाम करता येतो, या दाव्याच्या चाचण्यांवरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. त्या यंत्राच्या 'रँडम इव्हेंट जनरेटर' या नावासाठी 'यादृच्छिक घटना-जनित्र' योजलं होतं. त्यावर हरकत अशी : यादृच्छिक म्हणजे मर्जीप्रमाणे, मग 'सहभागी आपल्या इच्छेने यादृच्छिक आकडे वळवू पाहतो' या वाक्याला अर्थ काय उरला? दुसरा शब्द घ्यावा का?

ऋकार : हरकत व्याकरणात टिकत नाही. यद् + इच्छा असती तर 'यदिच्छा' झालं असतं. 'दृ'मधला ऋकार येतो 'ऋच्छ्'मधून, म्हणजे जाणे, येऊन भिडणे. जे जसं येऊन पडेल ते यदृच्छा. गीतेतला 'यदृच्छालाभसंतुष्ट' पुरुष न मागता पुढ्यात आलेल्यावर समाधानी असतो. 'यथेच्छ'शी गल्लत होते आहे, इतकंच.

पदर : इतकंच नाही. अमरकोशात यदृच्छेला 'स्वैरिता' हा पर्याय दिला आहे. स्वैर म्हणजे स्वतःच्या चालीने चालणारा. व्युत्पत्तीत इच्छा नसली तरी वापरात ती फार पूर्वीपासून शिरलेली आहे, आणि शब्द वापराने ठरतो. उलट श्वेताश्वतर उपनिषदात काळ, स्वभाव, नियती आणि यदृच्छा अशी वेगवेगळी कारणं मोजली आहेत. तिथे यदृच्छा म्हणजे निव्वळ आकस्मिकता. दोन्ही अर्थ जुने आहेत.

विदाधर : माझ्या मते अडचण 'घटने'ची आहे. अशाच चाचण्या घेणारे भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट श्मिट यांनी १९६९च्या सुमारास बांधलेल्या यंत्रांत किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० होतं. त्यातून सुटलेला इलेक्ट्रॉन कण टिपणाऱ्या गायगर नळीत शिरला की वेगाने फिरणारा गणक त्या क्षणी जिथे असेल तिथे थांबायचा. तिथे 'घटना' शब्द चपखल बसतो. पण याच दाव्याच्या चाचण्या घेणाऱ्या प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेत (१९७९ ते २००७) मुख्य यंत्र डायोडच्या नॉइजवर, म्हणजे त्यातल्या व्होल्टेजच्या अनियमित चढउतारावर, चालायचं. त्यात घटना कसली? व्होल्टेज ठरावीक अंतराने तपासायचं आणि ते वर की खाली यावरून १ किंवा ० लिहायचं. असे २०० बिट मिळून एक फेरी. अपेक्षित सरासरी १००, प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचं माप) ७.०७. याला 'यादृच्छिक अंकयंत्र' म्हणा. 'जनित्र' वाचून तर डोळ्यांपुढे वीज तयार करणारं धूड येतं.

ऋकार : 'नॉइज'ला 'रव' हा सुंदर शब्द असताना नॉइज कशाला? आणि आकस्मिकतेसाठी आपल्याकडे काकतालीय आणि घुणाक्षर हे दोन न्याय आहेत. किडा लाकूड कोरत जातो आणि त्यात अक्षर उमटल्यासारखं दिसतं. लांबलचक नोंदीतून हवा तेवढा तुकडा उचलून 'बघा, परिणाम दिसला' म्हणणं म्हणजे घुणाक्षरच.

विदाधर : घुणाक्षर मान्य, पण ते निष्कर्षातल्या चुकीचं नाव झालं, यंत्राचं नव्हे. म्हणूनच फेऱ्यांची संख्या आधी जाहीर करायची आणि मनासारखा आकडा दिसला म्हणून मध्येच थांबायचं नाही. 'रव' छापलात तर निम्मे वाचक अडखळतील. सर्किटजवळ बसणारा माणूस नॉइजच म्हणतो.

पदर : आणि 'बायस'ला? 'अभिनती' हा कोशातला शब्द, कुणी बोलत नाही. 'कल' म्हणा. यंत्राचा कल तापमानाने किंवा पुरवठ्याचं व्होल्टेज सरकल्याने बदलतो.

विदाधर : 'कल' उत्तम. तो घालवायला आलेले बिट ०१०१ या साच्याशी एक्सॉर करतात, म्हणजे दर दुसरा बिट उलटतो. १ कडे झुकलेलं यंत्र मग निम्म्या वेळा ० कडे झुकतं आणि सरासरी सरळ होते. इथेच 'सायकोकायनेसिस'साठी (मनाने वस्तू हलवणं) सुचवला जाणारा 'मनोगती' हा शब्द कोसळतो. मनाने व्होल्टेज एका बाजूला ढकललं असं मानलं, तर एक्सॉर तो धक्काही पुसून टाकेल. त्यामुळे दावा करणाऱ्यांना परिणाम थेट अंतिम आकड्यावर होतो असं म्हणावं लागतं. हलतं काहीच नाही, मग गती कुणाची?

ऋकार : तरी 'सायकोकायनेसिस' जसंच्या तसं ठेवणं ही शरणागती आहे. 'मनःप्रभाव' करा.

विदाधर : 'प्रभाव' म्हटलं की तो आहे हे आधीच मान्य केल्यासारखं होतं. प्रिन्स्टनच्या बारा वर्षांच्या नोंदींत 'वर न्या' म्हटल्यावरची सरासरी १००.०२६ होती, म्हणजे दहा हजार बिटांत सव्वा बिटाचा फरक. एवढा फरक दोन प्रमाणत्रुटींइतका (प्रमाणत्रुटी म्हणजे सरासरी निव्वळ योगायोगाने किती हलते त्याचं माप) दिसायलाही सुमारे २ लाख ९६ हजार फेऱ्या लागतात. सेकंदाला एक धरली तर ८२ तास. फ्रायबुर्ग, गीसन आणि प्रिन्स्टन यांनी मिळून तोच प्रयोग पुन्हा केला (निष्कर्ष २०००), तेव्हा हा मुख्य फरक आढळला नाही. म्हणून 'कथित' हा शब्द जोडल्याशिवाय नाव देऊ नये.

पदर : 'बेसलाइन'चं काय करणार? 'आधाररेषा' सर्रास दिसतं.

विदाधर : चुकीचं आहे. त्या फेरीतही माणूस यंत्रासमोर बसलेला असतो, फक्त वर-खाली काही न्यायचं नाही असं ठरवून. ती 'तटस्थ फेरी'. यंत्र एकटं चालवून तपासतात ते अंशशोधन, आणि ते वेगळं लिहायला हवं.

ऋकार : 'तटस्थ' म्हणजे तटावर उभा राहून पाहणारा. समोर बसून काही करायचं नाही असं ठरवणारा तटस्थ कसा? 'उदासीन' पाहा, उद् + आसीन.

तळटीप : आणि 'यादृच्छिक' ठेवू की काढू?

पदर : आधी 'उदासीन'चं बोलू. मराठीत तो शब्द खिन्न माणसाला लागतो.