पाटे वाढवले, टायर बदलले आणि पिकअपचं स्टेअरिंग बिघडलं: तुमचे अनुभव लिहा

सोलापूरकडे पिकअप शोरूममधून आली तशी फार दिवस राहत नाही. कांद्यासाठी मागे पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) वाढतात, काळ्या रानातल्या वाटेला टेकू नये म्हणून पुढून उचलली जाते, वर रुंद टायर. मग कुणाचं स्टेअरिंग जड होतं, कुणाची गाडी ओढते. ज्यांना खरं कारण सापडलं त्यांनी सविस्तर लिहा: काय बदललं होतं, लक्षण काय होतं, दोष कसा पकडला. नुसतं ‘अमुक पार्ट टाका’ नको.

सुरुवात मी करतो. मागे पाटे वाढवल्यावर रिकामी गाडी हैदराबाद रोडला वेग घेतला की तरंगायची. वळण संपलं तरी स्टेअरिंग आपणहून सरळ येत नव्हतं. जो तो टाय रॉड एंड (स्टेअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक) बदला म्हणत होता. होटगी रोडच्या एका जुन्या मेस्त्रींनी पान्याला हातच लावला नाही. गाडी सपाट फरशीवर घेतली आणि टेपने चारही चाकांपाशी उंची मोजली. मागची बाजू वर गेली की पुढचा कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, स्टेअरिंग परत फिरवणारा जोर जातो. वाढवलेला एकेक पाटा काढला, गाडी सुधारली. अलाइनमेंटला गेलात तर कॅस्टरही बघायला सांगा. बरेच जण नुसता टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) लावून गाडी सोडून देतात.

अक्कलकोट, डाळिंब बागायतदार
आमची पुढून टॉर्शन बार (पिळाने स्प्रिंगचं काम करणारी सळई) आवळून उचललेली. गतिरोधक उतरताना खट्‌ आवाज यायचा. नवे शॉकअब टाकले तरी तोच. बार एवढा आवळला होता की चाकाला खाली जायला जागाच उरली नव्हती. टोही हलला होता, टायर एका कडेने खाल्ले. बार सैल केला, मग अलाइनमेंट.

बार्शी, गॅरेज
चाक जॅकवर घ्या, वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला लावा. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर चाक ज्यावर वळतं तो बॉल जॉइंट नाहीतर किंगपिन. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर प्ले असेल तर टाय रॉड बघा. जॅकसोबत गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय हे करू नका, हात जोडून सांगतो.

मोहोळ
मागून येणारा म्हणाला, “दादा, गाडी तिरकी पळतीय की ओ.” पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजलं, फरक निघाला. पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट ढिले पडून पाट्यांमधला सेंटर बोल्ट तुटला होता, ॲक्सल सरकला होता. पाट्यांचं काम झालं की यू-बोल्ट नवेच घाला आणि भरल्या गाडीने थोडं पळवून पुन्हा आवळा.

मंगळवेढा
रुंद टायर आणि बाहेर येणारे रिम टाकल्यापासून स्टेअरिंग जड झालंय, पुढचं बेअरिंगही गेलं. हवा बरोबर आहे.

बार्शी, गॅरेज
ऑफसेट (रिमचा मध्य आणि हबला टेकणारी बाजू यांतलं अंतर) बघा. चाक बाहेर आलं की बेअरिंगवर भार वाढतो, खड्ड्याचा झटका थेट हातात येतो. मूळ ऑफसेटचे रिम लावा, मगच स्टेअरिंग बॉक्स उघडा.

कुर्डुवाडी, ट्रान्सपोर्ट
पाटे वाढवले म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही. जादा भरलं तर 2019 च्या दुरुस्तीपासून दंड 20,000 पासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. पुढची चाकं हलकी होतात ते वेगळंच. तुळजापूर घाटात भरल्या गाडीचं स्टेअरिंग हातात पिसासारखं वाटलं तर पुढे जाऊ नका, माल उतरवा.